थुंकीच्या डबीपासून अहवालापर्यंत : क्षयरोग प्रयोगशाळेत नव्याने रुजू झालेल्या तंत्रज्ञांसाठी

ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तंत्रज्ञ म्हणून रुजू झालात की श्वसनमार्गाच्या नमुन्यांपैकी सर्वांत जास्त वेळा हाताळावी लागते ती क्षयरोगाच्या संशयितांची थुंकी. काम वरवर सोपे दिसते. डबी घ्या, स्लाइड करा, रंगवा, बघा, लिहा. पण चुकलेल्या अहवालांची कारणे शोधत मागे गेलो, तर बरीचशी सूक्ष्मदर्शकापर्यंत पोहोचण्याआधीच सापडतात. डबीत लाळ असते, स्टेन, म्हणजे रंगवायचे द्रावण, गाळलेला नसतो, नाहीतर स्लाइडवरचा नंबर पुसलेला असतो. म्हणून या लेखात जास्त जागा त्या आधीच्या टप्प्यांना दिली आहे.

राष्ट्रीय क्षयरोग दूरीकरण कार्यक्रमात आता निदानासाठी शक्य तिथे सुरुवातीलाच सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या यंत्रावरच्या चाचण्या) करायचे धोरण आहे. तरी स्लाइडचे काम संपलेले नाही. उपचार सुरू असलेल्या रुग्णाची प्रगती स्मिअरवरच (स्लाइडवर पसरून रंगवलेल्या थुंकीवरच) पाहिली जाते, कारण सीबीनॅट मेलेल्या जंतूंचा डीएनएही पकडतो आणि औषधाने बरा होत असलेला रुग्णही पॉझिटिव्ह दिसू शकतो. शिवाय मशीन बंद असेल, चिप संपल्या असतील, तेव्हा हाताशी स्लाइडच असते.

नमुना : इथे पाच मिनिटे द्या

डबी रुंद तोंडाची, पारदर्शक प्लास्टिकची, घट्ट फिरकीच्या झाकणाची आणि एकदाच वापरायची असावी. साधारण ३० मिलीची डबी चालते. कल्चरसाठी (जंतू वाढवून बघण्यासाठी) पाठवायचा नमुना ५० मिलीच्या शंकूसारख्या तळाच्या फाल्कन ट्यूबमध्ये घेतात. नंबर आणि नाव डबीच्या अंगावर लिहायचे, झाकणावर कधीही नाही. चार डब्या एकदम उघडल्या की झाकणे बदलतात आणि दोन माणसांचे अहवाल उलटेपालटे होतात.

नमुने दोन लागतात. पहिला रुग्ण येईल तेव्हाचा, दुसरा दुसऱ्या दिवशी पहाटेचा. पहाटेचा नमुना रात्रभर साठलेल्या कफाचा असल्याने त्यात जंतू सापडण्याची शक्यता जास्त. रुग्ण लांबून आलेला असेल आणि उद्या येणे अवघड असेल, तर त्याच दिवशी किमान एक तासाच्या अंतराने दोन नमुने घ्या. त्याला रिकाम्या हाताने घरी पाठवलेत तर तो परत येईलच असे नाही.

प्रत्येक नमुना २ ते ५ मिली हवा. तो कसा द्यायचा हे रुग्णाला करून दाखवावे लागते. भिंतीवर चिकटवलेले पोस्टर बहुतेक जण वाचत नाहीत. असे सांगा : "काका, तोंडातली थुंकी नको, छातीतला बेडका हवाय. आधी साध्या पाण्याने चूळ भरा. मग दोन-तीनदा खोल श्वास घ्या, शेवटचा श्वास जरा रोखून धरा आणि पोटातून जोर लावून खोका. डबी ओठांना लावा, बाहेर सांडू देऊ नका. झाकण घट्ट लावून मला आणून द्या." आजींना ऐकू कमी येत असेल तर सोबतच्या माणसाला समजावा. पहाटेच्या नमुन्याची डबी देताना हे सगळे पुन्हा सांगा, कारण तेव्हा तुम्ही समोर नसता.

चूळ भरण्याला आपल्याकडे विशेष महत्त्व आहे. तंबाखू, मिश्री, पान-सुपारी यांचे कण बेडक्यात उतरतात, रंग धरून बसतात आणि स्लाइडवर लालसर तुकडे दिसतात. अशा कणांमुळे नवखा माणूस गोंधळतो, आणि सीबीनॅटच्या कार्ट्रिजमध्येही ते अडकू शकतात.

नमुना उघड्यावर घ्यायचा, जिथे वारा वाहता आहे आणि आसपास दुसरी माणसे नाहीत. प्रयोगशाळेत, ओपीडीच्या रांगेत किंवा स्वच्छतागृहात तर मुळीच नाही. खोकताना तुम्ही रुग्णाच्या समोर उभे राहू नका, बाजूला किंवा वाऱ्याच्या वरच्या अंगाला थांबा.

डबी परत आली की झाकण न उघडता उजेडात धरून बघा. घट्ट, पिवळसर-हिरवट, गुठळ्या असलेला बेडका हा चांगला नमुना. पातळ, पारदर्शक, फेसाळ दिसत असेल तर ती लाळ आहे. लगेच पुन्हा समजावून दुसरा नमुना मागा. त्यानंतरही लाळच आली तर फेकू नका, तपासा, पण अर्जावर आणि रजिस्टरमध्ये 'लाळ' असे लिहा. लाळेच्या स्लाइडवरचा 'निगेटिव्ह' आणि चांगल्या बेडक्याच्या स्लाइडवरचा 'निगेटिव्ह' यांचे वजन सारखे नसते, आणि डॉक्टरांना हा फरक तुमच्या त्या एका शब्दावरूनच कळणार असतो. रक्त असेल तर तेही नोंदवा.

लहान मुलांना बेडका काढता येत नाही. त्यांच्यासाठी मिठाच्या पाण्याची वाफ देऊन काढलेला कफ किंवा सकाळी उपाशीपोटी नळीने काढलेला जठरातला द्राव घेतात. तो निर्णय बालरोगतज्ज्ञांचा. तुमच्यापुरते एवढे लक्षात ठेवा की जठरातला द्राव आम्लयुक्त असतो आणि त्यात जंतू फार काळ टिकत नाहीत. तो ठेवून देऊ नका, लगेच पुढे पाठवा.

बसण्याची जागा

थेट स्मिअर करण्यात जोखीम कमी आहे. खरी जोखीम डबी उघडताना, काडी ओढताना आणि ओली काडी ज्योतीत धरताना उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांची. टेबल असे लावा की हवा तुमच्या पाठीमागून येऊन नमुन्यावरून खिडकीबाहेर जाईल. स्मिअर करताना छताचा पंखा बंद. एन-९५ मास्क, हातमोजे आणि एप्रन. टेबलावर ५ टक्के फिनॉलमध्ये भिजवलेला कागद किंवा कापड पसरा, म्हणजे काही सांडले तर ते तिथेच मरते. फिनॉल त्वचा भाजतो, तेव्हा ते द्रावण हातमोजे घालूनच हाताळा.

सर्व डब्या एकदम उघडायच्या नाहीत. एक डबी, एक स्लाइड, एक काडी. ती पूर्ण झाली की पुढची.

स्मिअर

स्लाइड नवी, ओरखडे नसलेली, तेलकटपणा नसलेली हवी. एकदा वापरलेली स्लाइड धुऊन पुन्हा वापरू नका. जुन्या पॉझिटिव्ह स्लाइडवरचे जंतू धुण्याने पूर्ण जात नाहीत, आणि ओरखड्यांत साचलेला लाल रंग जंतूसारखा दिसतो. स्लाइडच्या एका टोकाला डायमंड पेन्सिलने प्रयोगशाळा क्रमांक आणि नमुना 'ए' (पहिला) की 'बी' (दुसरा) ते कोरा. मार्करची शाई आम्लाने आणि पाण्याने जाते, मग बारा स्लाइडपैकी कोणती कुणाची हे देवालाच ठाऊक.

काडी साध्या खराट्याची चालते, नव्हे ती उत्तमच. मधून मोडली की तिचे टोक खडबडीत होते आणि त्याला घट्ट बेडका चिकटून येतो. डबीतला सर्वांत पिवळा, घट्ट भाग निवडा. स्लाइडच्या मध्यभागी छोटी-छोटी गोल वळणे घेत ३ सेंटीमीटर लांब आणि २ सेंटीमीटर रुंद पसरवा. गुठळी राहू देऊ नका. कडा मोकळ्या ठेवा, नाहीतर स्लाइड हातात धरताना बोटाला लागते.

जाडी बरोबर आहे का हे तपासायची जुनी आणि खात्रीची रीत आहे. वाळलेली, न रंगवलेली स्लाइड वर्तमानपत्राच्या थोडी वर धरा. खालची अक्षरे जेमतेम वाचता आली तर जाडी योग्य. अक्षरे स्पष्ट दिसली तर स्मिअर पातळ आहे, मुळीच दिसली नाहीत तर जाड. जाड स्मिअर धुताना सोलून निघते आणि त्यात लाल रंग अडकून पार्श्वभूमी गुलाबी राहते. पातळ स्मिअरमध्ये जंतू मोजायला पुरेसे साहित्यच नसते.

स्लाइड १५ ते ३० मिनिटे हवेत वाळू द्या. घाईने ज्योतीवर वाळवू नका, ओल्या स्मिअरमधून थेंब उडतात. उन्हातही ठेवू नका. पूर्ण वाळल्यावर स्मिअरची बाजू वर ठेवून स्लाइड स्पिरिटच्या दिव्यावरून ३ ते ५ वेळा, दर वेळी ३-४ सेकंद फिरवा. कमी ताप दिला तर स्मिअर धुऊन जाते, जास्त दिला तर जंतूंचा आकार आणि रंग धरण्याची क्षमता दोन्ही बिघडते.

स्टेन

क्षयाच्या जंतूच्या भिंतीत मायकोलिक आम्लाचा मेणचट थर असतो. साधे रंग त्यातून आत जात नाहीत. फिनॉल आणि उष्णता मिळून फुक्सिन आत शिरवतात, आणि एकदा आत गेलेला रंग आम्लानेही बाहेर येत नाही. झील-नीलसन (झेडएन) पद्धत सगळी या एका गुणधर्मावर उभी आहे, आणि तिच्या प्रत्येक पायरीत काय चुकू शकते हेही त्यातूनच समजते.

स्टेन वरून तयार येत असेल तरी त्यात काय आहे हे माहीत हवे.

१ टक्का कार्बोल फुक्सिन : बेसिक फुक्सिन १० ग्रॅम, शुद्ध अल्कोहोल १०० मिली, फिनॉल ५० ग्रॅम, ऊर्ध्वपातित पाणी घालून एकूण १ लिटर. यात एक गोष्ट हमखास राहून जाते. फुक्सिनच्या बाटलीवर शुद्ध रंगाचे प्रमाण छापलेले असते. ते ८५ टक्के असेल तर १० ला ०.८५ ने भागा आणि ११.७६ ग्रॅम घ्या. नुसते १० ग्रॅम घेतले तर स्टेन फिका होतो आणि कमी जंतू असलेले रुग्ण सुटतात.

२५ टक्के सल्फ्युरिक आम्ल : ७५० मिली पाण्यात २५० मिली तीव्र आम्ल, काचेच्या भांड्याच्या कडेने, अगदी सावकाश, भांडे थंड पाण्यात ठेवून. नेहमी पाण्यात आम्ल. आम्लात पाणी ओतले तर ते उकळून तोंडावर उडते. चष्मा आणि जाड हातमोजे घातल्याशिवाय हे काम हातात घेऊ नका.

०.१ टक्का मिथिलीन ब्लू : १ ग्रॅम रंग, त्याचेही शुद्धतेनुसार वजन वाढवून, १ लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात.

प्रत्येक बाटलीवर तयार केल्याची तारीख आणि बॅच क्रमांक हवा. फुक्सिन गडद तपकिरी बाटलीत, उजेडापासून दूर. नवी बॅच उघडली की आधी एक माहीत असलेली पॉझिटिव्ह आणि एक माहीत असलेली निगेटिव्ह स्लाइड रंगवून बघा. त्या बरोबर आल्या तरच रुग्णांच्या स्लाइडना हात लावा.

प्रत्यक्ष रंगवताना :

१. स्लाइड स्टँडवर बोटभर अंतर सोडून मांडा. एका वेळी बारापेक्षा जास्त नकोत. स्लाइड एकमेकींना टेकल्या तर एकीचे जंतू वाहून दुसरीवर जातात.

२. गाळलेले कार्बोल फुक्सिन संपूर्ण स्लाइडवर ओता. रोज गाळायचेच, कारण न गाळलेल्या स्टेनमधले लाल स्फटिक खोट्या पॉझिटिव्हचे मोठे कारण आहेत.

३. स्लाइडखालून ज्योत फिरवत वाफ दिसेपर्यंत तापवा. उकळू द्यायचे नाही. वाफ आली की ज्योत काढा आणि ५ मिनिटे थांबा. स्टेन वाळत आला तर आणखी ओता.

४. हळू धारेने धुवा. धार थेट स्मिअरवर नको, स्लाइडच्या टोकावर सोडा. पाणी निथळू द्या.

५. २५ टक्के सल्फ्युरिक आम्ल २ ते ४ मिनिटे. धुवा. स्लाइड अजून गुलाबी दिसत असेल तर आम्ल पुन्हा १ ते ३ मिनिटे घाला आणि धुवा.

६. मिथिलीन ब्लू ३० सेकंद. धुवा. स्लाइड उभी ठेवून हवेत वाळवा. टिपकागदाने टिपू नका. एकाच कागदाने दोन स्लाइड टिपल्या तर जंतू इकडून तिकडे जातात.

धुण्याच्या पाण्याकडेही लक्ष असू द्या. नळाच्या किंवा टाकीच्या पाण्यात निसर्गात राहणारे आम्लरोधी जंतू असू शकतात. निगेटिव्ह कंट्रोलवर अचानक लाल दांडे दिसू लागले तर स्टेनबरोबर पाण्याचीही तपासणी करा.

एलईडी फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक असेल तर रीत वेगळी : ऑरामाइन ०.१ टक्का २० मिनिटे, तापवायचे नाही. ०.५ टक्के अ‍ॅसिड-अल्कोहोल ३ मिनिटे. ०.५ टक्के पोटॅशियम परमँगनेट १ मिनिट. शेवटचा १ मिनिट घड्याळ लावून मोजा, जास्त झाला तर जंतूंची चमकही मावळते. या स्लाइडचा रंग उजेडात उडतो, म्हणून त्या अंधाऱ्या डब्यात ठेवा आणि लवकर वाचा. इथे ४०० पट मोठ्या प्रतिमेत साधारण ४० फील्डमध्ये (फील्ड म्हणजे भिंगातून एका वेळी दिसणारे वर्तुळ) स्लाइडची २ सेंटीमीटर लांबी पार होते. काम लवकर उरकते, पण श्रेणीचा तक्ता वेगळा असतो. झेडएनचा तक्ता इथे लावू नका.

वाचन

तेलाचा थेंब वरून पडू द्या. ड्रॉपरचे टोक स्मिअरला लागले तर पॉझिटिव्ह स्लाइडवरचे जंतू तेलाच्या बाटलीत जातात आणि पुढच्या सगळ्या स्लाइडवर फिरतात. १००च्या भिंगाखाली निळ्या पार्श्वभूमीवर बारीक, किंचित वाकलेले, काही ठिकाणी मणी ओवल्यासारखे लाल दांडे शोधायचे. ते एकटे असतात, इंग्रजी व्हीसारखे जोडीने असतात किंवा जुडग्याने. स्फटिक आणि कचरा फोकस थोडा वर-खाली केला की चमकतात, वेगळ्याच पातळीवर असतात आणि त्यांच्या कडा टोकदार असतात. जंतू पेशींच्या पातळीवरच दिसतो.

स्लाइडच्या डाव्या टोकापासून सुरू करून सरळ उजवीकडे जा. तेलभिंगाच्या फील्डचा व्यास सुमारे ०.२ मिलिमीटर असतो. म्हणजे ३ सेंटीमीटरची एक ओळ पूर्ण केली की १५० च्या आसपास फील्ड होतात. निगेटिव्ह म्हणण्यासाठी किमान १०० फील्ड बघायलाच हवीत, आणि त्याला पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ लागत असेल तर तुम्ही बघत नसून नुसते सरकवत आहात.

शंभरच का, याचा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. २ बाय ३ सेंटीमीटरच्या स्मिअरचे क्षेत्रफळ ६०० चौरस मिलिमीटर. एका फील्डचे ०.०३१४ चौरस मिलिमीटर. म्हणजे पूर्ण स्मिअरमध्ये साधारण १९,००० फील्ड. स्लाइडवर ०.०१ मिली बेडका पसरला आहे असे धरा. रुग्णाच्या बेडक्यात दर मिलीत १०,००० जंतू असतील तर स्लाइडवर येतात १००, म्हणजे सरासरी १९० फील्डमागे एक. शंभर फील्ड बघूनही तो दिसेलच अशी खात्री नाही. पन्नासावर थांबलात तर निम्मी संधी आणखी गेली. स्मिअरने क्षय पकडायला दर मिलीत ५,००० ते १०,००० जंतू लागतात असे म्हणतात ते याच कारणाने, आणि दोन नमुन्यांचा आग्रहही म्हणूनच आहे.

श्रेणी अशी लिहायची :

दर फील्डला १० पेक्षा जास्त जंतू : ३+ (२० फील्ड बघा)
दर फील्डला १ ते १० : २+ (५० फील्ड)
१०० फील्डमध्ये १० ते ९९ : १+ (१०० फील्ड)
१०० फील्डमध्ये १ ते ९ : स्कँटी, नेमका आकडा लिहा (१०० फील्ड)
१०० फील्डमध्ये एकही नाही : निगेटिव्ह

स्कँटीचा आकडा टाळू नका. 'स्कँटी ३' आणि 'स्कँटी ९' यांत रुग्णाच्या पाठपुराव्यासाठी खूप फरक आहे. एखाद-दोन जंतू दिसले आणि शंका आली तर आणखी फील्ड बघा, त्याच डबीतून दुसरी स्लाइड करा. मनाने निगेटिव्ह ठरवू नका आणि मनाने पॉझिटिव्हही नाही.

एका तंत्रज्ञाने दिवसाला २० ते २५ स्लाइडपेक्षा जास्त वाचू नयेत. त्यापुढे डोळा थकतो आणि पहिले सुटतात ते स्कँटी. काम जास्त असेल तर ते वरिष्ठांच्या कानावर घालणे हा तुमच्या कामाचाच भाग आहे.

अहवाल रजिस्टरमध्ये आणि निक्षय या कार्यक्रमाच्या ऑनलाइन नोंदणी प्रणालीवर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी नोंदवा. पॉझिटिव्ह निकाल रजिस्टरमध्ये लाल शाईने. सगळ्या स्लाइड संपवून एकदम लिहायची सवय लावून घेऊ नका. एक स्लाइड वाचली की एक ओळ लिहायची.

सीबीनॅट आणि ट्रूनॅट

सीबीनॅटमध्ये बेडक्याच्या दुप्पट सॅम्पल रिएजंट घालतात, म्हणजे १ मिली नमुन्याला २ मिली. झाकण लावून १० ते २० वेळा जोरात हलवा, १० मिनिटे ठेवा, पुन्हा हलवा, आणखी ५ मिनिटे ठेवा. मिश्रण पाण्यासारखे पातळ व्हायला हवे. गुठळ्या राहिल्या तर थांबा, पुन्हा हलवा. त्यातले २ मिली सोबत आलेल्या पिपेटने कार्ट्रिजमध्ये सावकाश भरा. घट्ट किंवा अन्नकण असलेला नमुना भरला की मशीनमधला दाब वाढतो आणि २००८ क्रमांकाची चूक येते. ती आली की कार्ट्रिज वाया गेले, आणि दोष जवळजवळ नेहमी या पंधरा मिनिटांत झालेल्या घाईचा असतो. 'इन्व्हॅलिड' आले तर आतला कंट्रोल चाललेला नाही असा अर्थ. तो निगेटिव्ह नव्हे. चाचणी पुन्हा करा.

ट्रूनॅट गोव्यात वेर्णा येथे कारखाना असलेल्या मोलबायो कंपनीचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याची शिफारस केली. बॅटरीवर चालते आणि वातानुकूलित खोली लागत नाही, म्हणून ते प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचू शकले. डबीत लिक्विफॅक्शन बफरचे २ थेंब घालून ५ मिनिटे थांबा, बेडका घट्ट असेल तर १०. त्यातले ०.५ मिली लायसिस बफरच्या बाटलीत, त्यात लिक्विफॅक्शन बफरचे आणखी २ थेंब, ३ मिनिटे. मग ते सगळे ट्रूप्रेपच्या कार्ट्रिजमध्ये. साधारण २० मिनिटांत डीएनए वेगळा होतो. त्यातले ६ मायक्रोलिटर कोरडे रिएजंट असलेल्या मायक्रोट्यूबमध्ये, अर्धा ते एक मिनिट थांबून तेवढेच चिपवर. मायक्रोट्यूब टिचकी मारून किंवा पिपेटने वर-खाली करून ढवळू नका. चिपवर बुडबुडा आला तर वाचन बिघडते, म्हणून पिपेट पहिल्या थांब्यापर्यंतच दाबा. क्षय आढळला तर उरलेल्या डीएनएवर रिफॅम्पिसिनची (या औषधाला जंतू दाद देतात का ते बघणारी) चिप लावायची. म्हणून उरलेले द्रावण निकाल येईपर्यंत टाकू नका.

ट्रूनॅटमध्ये तुमच्या हाताला उघडा डीएनए लागतो, तेव्हा फिल्टर असलेल्या टिप वापरा, दर नमुन्याला हातमोजे बदला आणि वापरलेली चिप टेबलावर राहू देऊ नका. ती ताज्या ०.५ टक्के हायपोक्लोराइटमध्ये ३० मिनिटे बुडवा.

दोन्ही यंत्रांत 'रिफॅम्पिसिन अनिश्चित' असा निकाल येतो, बहुधा जंतू फार कमी असताना. तेव्हा दुसऱ्या नमुन्यावर चाचणी करतात. मशीनच्या पानावरचा निकाल जसाच्या तसा लिहा, त्यात आपला अंदाज मिसळू नका.

वर पाठवायचा नमुना

कल्चर आणि एलपीएसाठी (औषधांना जंतू दाद देतात का ते डीएनएवरून बघणाऱ्या चाचणीसाठी) नमुना पुण्याच्या किंवा नागपूरच्या इंटरमीडिएट रेफरन्स लॅबोरेटरीत अथवा तुमच्या जिल्ह्याला जोडलेल्या प्रयोगशाळेत जातो. द्रव माध्यमातल्या कल्चरला ४२ दिवसांपर्यंत वाट पाहावी लागते, एलजे या घट्ट माध्यमात आठ आठवडे. नमुना वाटेत सडला तर तेवढे आठवडे रुग्णाच्या पदरी काहीच पडत नाही.

म्हणून पॅकिंग तीन थरांचे करा. फाल्कन ट्यूबच्या झाकणाभोवती पॅराफिल्म, मग ट्यूबभोवती कापूस किंवा टिपकागद आणि झिपची पिशवी, मग गोठवलेल्या जेल पॅकसह थर्माकोलचा डबा. अर्ज वेगळ्या पिशवीत, नमुन्याला चिकटून नाही. तोपर्यंत ट्यूब फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर, फ्रीजरमध्ये नव्हे. घेतल्यापासून ७२ तासांच्या आत ती पोहोचायला हवी. शुक्रवारी दुपारी पाठवलेला डबा रविवारभर कुरिअरच्या गोदामात पडून राहतो, तेव्हा आठवड्याच्या सुरुवातीलाच पाठवण्याचे वेळापत्रक ठरवून घ्या.

दिवस संपताना

डब्यांची झाकणे उघडून डब्या आणि झाकणे दोन्ही ५ टक्के फिनॉलमध्ये पूर्ण बुडवून रात्रभर ठेवा. बंद डबी बुडवली तर आत काहीच पोहोचत नाही. काड्याही त्याच द्रावणात. ऑटोक्लेव्ह असेल तर १२१ अंश, १५ पौंड दाब. त्यानंतर तुमच्या संस्थेच्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या रंगव्यवस्थेप्रमाणे द्या. तेलभिंग लेन्स पेपरने हलक्या हाताने पुसा.

वाचलेल्या स्लाइड तेल निथळून, क्रमांकानुसार पेटीत लावा. पॉझिटिव्ह वेगळ्या आणि निगेटिव्ह वेगळ्या ठेवू नका. वरिष्ठ टीबी लॅब सुपरवायझर त्यातल्या काही यादृच्छिक पद्धतीने फेरतपासणीसाठी उचलतात, आणि तपासणाऱ्याला तुमचा निकाल माहीत नसतो. मतभेद झालेल्या स्लाइड तिसरा वाचक बघतो. चूक निघाली तर तिचा प्रकार बघा. १+ ते ३+ ची स्लाइड तुम्ही निगेटिव्ह दिली असेल, तर स्टेनची बॅच, तापवण्याचा वेळ आणि सूक्ष्मदर्शकाचा दिवा तपासा. इतके जंतू केवळ डोळ्यांच्या थकव्याने सहसा सुटत नाहीत. स्कँटी सुटली असेल तर फील्डची संख्या आणि दिवसाचा स्लाइडचा भार बघा. निगेटिव्ह स्लाइड २+ किंवा ३+ म्हणून गेली असेल, तर सूक्ष्मदर्शकाकडे वळण्याआधी रजिस्टर उघडा. त्या दिवशीच्या शेजारच्या ओळीतला निकाल या ओळीत लिहिला गेला आहे का ते पाहा, आणि गेला असेल तर तो दुसरा रुग्ण कोण आहे हे त्याच दिवशी शोधून काढा.